न खेळलेले गेम

डिसेंबर लागला की कोल्हापूरच्या हवेला गुळाचा वास येतो. गावाबाहेर गुऱ्हाळं पेटलेली असतात, उसाच्या ट्रॉल्या अख्खा रस्ता अडवून डुलत चाललेल्या असतात आणि मार्केट यार्डात सकाळच्या सौद्याला नव्या गुळाचे रवे, मोठाल्या ढेपा, ओळीनं मांडलेले असतात. आमची तिथं आजोबांपासूनची अडत आहे. लोकांना हा वास आला की पोळी आठवते, तीळ आठवतात, गरम भाकरीवरचं तूप आठवतं. मला भीती वाटते. पोटात नाही, पाठीत. डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीखाली कुणीतरी गार बोट टेकवल्यासारखी. हात आपोआप तिथं जातो. बायको विचारते, "परत पाठ धरली काय?" मी म्हणतो, "गारठा आहे."

याच दिवसांत आणखी एक हंगाम सुरू होतो. इंटरनेटवरच्या गेमच्या दुकानांत वर्षअखेरचा सेल लागतो, आणि सेलपाठोपाठ विनोद येतात. फाटलेल्या पाकिटांची चित्रं, महिनाभर बिस्किटांवर काढणारी माणसं, बायकोपासून बिल लपवणारे नवरे. यंदाचा पहिला विनोद मला पल्लवीनं पाठवला. पल्लवी माझी पुतणी, माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक लेक. पुण्यात नोकरी करते, आणि पुण्यात इतकी वर्षं काढूनही फोनवर "मी येतो काका" असंच बोलते, आमच्याकडच्या बायकांसारखं. चित्रात एक माणूस ऑपरेशनच्या टेबलावर आडवा होता. कमरेवर टाक्यांची भलीमोठी शिवण, चेहऱ्यावर हसू, दोन्ही अंगठे वर. खाली ओळ होती, 'किडनी गेली, पण सेल चुकला नाही.' आणि त्याखाली तिनं लिहिलं होतं, 'काका, हे तुम्हीच ना?'

मी एक हसरं तोंड पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. बराच वेळ तो सरळ करायचं धाडस झालं नाही.

तिला काही ठाऊक नाही. काका गेमवेडा आहे, काकाच्या खात्यात ढीगभर गेम पडून आहेत आणि काका त्यातला एकही खेळत नाही, एवढीच तिची माहिती. घरातला तो जुना विनोद आहे. मी तो वर्षानुवर्षं हसून साजरा केलेला आहे.

खरं म्हणजे किडनीचा तो विनोद मीच केला होता. पहिला मीच केला असं म्हणत नाही. जगात कुणाकुणाला तो सुचला असेल. पण आमच्या त्या कोपऱ्यात तो मी आणला.

दोन हजारचं दशक संपत आलेलं. टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेट अडतीच्या माडीवरच्या कॉम्प्युटरला नुकतंच जोडलं होतं. गेम विकत घ्यायला आता डबा नको, सीडी नको, दुकानदार नको. कार्डाचा नंबर टाकायचा, बटण दाबायचं, गेम आपला. सेलमध्ये रोज नवे गेम निम्म्या, पाव किमतीला निघायचे. आम्ही देशभर विखुरलेले काही मराठी वेडे एका चर्चेच्या पानावर जमायचो आणि आज कोण किती बुडाला ते सांगून एकमेकांना हसवायचो. कुणी लिहायचं, 'आता नातवंडांनी खेळून संपवावेत.' कुणी लिहायचं, 'एवढे संपवायला दुसरा जन्म घ्यावा लागणार.' अडतीवर आणि घरात दिवसभरात चार वाक्यं बोलणारा मी तिथं मात्र बोलका होतो. माझ्या ओळींची लोक वाट बघायचे. अबोल माणसाला कुणी वाट बघणारं भेटलं, की त्याचा हात सुटतो.

अबोलपणाबद्दल इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. आमच्या गावात माणूस नाही म्हणतो तेव्हा गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. "जमणार न्हाय, जा!" असं तोंडावर म्हणून तो तुम्हाला चहाला बसवतो. त्यामुळं जो काहीच बोलला नाही, त्याचं 'व्हय' धरायची इथली रीत आहे. पोरगी बघायला गेल्यावर पोरगा गप्प बसला तर साखरपुड्याची तारीख काढतात. गप्प बसून कुणी नकार देत असेल ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येत नाही.

अण्णा, माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा बराच मोठा. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो, तो अडतीवर बसला. नव्वदच्या दशकात त्यानं मला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला, जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याकडून, गुळाच्या व्यवहारात कधीतरी. पिवळी कॅसेट, वर हजार गेम असल्याचं लिहिलेलं. आत तेच पाच-सहा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. मी खेळायचो, तो दमून आलेला असायचा आणि मागं भिंतीला टेकून बसायचा. मी रिमोट पुढं केला की म्हणायचा, "तू खेळ. मी बघतो." आणि मधूनच, "लाईफ किती ऱ्हायल्या रं?" त्याच्या अंगाला गुळाचा आणि गोणपाटाचा वास असायचा. तेव्हा हा वास आला की मला सुरक्षित वाटायचं. नाक तेच आहे, वासही तोच आहे.

त्याचे पाय सुजायला लागले त्या वर्षी पाऊस जास्त झाला होता, म्हणून सगळ्यांनी ओल बाधली म्हटलं. दिवाळीपर्यंत कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिस सुरू झालं. बदली किडनीचं बोलणं निघालं तेव्हा आमची आई, आम्ही तिला अव्वा म्हणतो, म्हणाली, "माझी घ्या." तिला साखरेचा आजार. वहिनीचा रक्तगट जुळेना. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. अव्वानं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. धरलं, 'व्हय' धरलं.

तपासण्या झाल्या. जुळली. डॉक्टरांनी अण्णाला सांगितलं, अण्णा रडला, मी त्याचा खांदा थोपटला. त्यानंतर डॉक्टरांनी मला एकट्याला आत घेतलं. भला माणूस. म्हणाले, "धोका फार क्वचित असतो. पण मनात नसेल तर आत्ता मला सांगा. मी घरी रिपोर्ट चुकला, जुळत नाही म्हणून सांगेन. कारण कुणालाही कळणार नाही." त्या खोलीत स्पिरिटचा वास होता आणि टेबलावर किडनीचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, मधोमध कापलेलं, आतला भाग दिसेल असं. सौद्यात गुळाचा रवा फोडून आतला रंग बघतात, ते मला आठवलं. डॉक्टरांचा एकच शब्द डोक्यात राहिला, क्वचित. ज्याला भीती वाटते त्याला क्वचित म्हणजे मीच.

मी म्हणालो, "न्हाय डॉक्टर, तसं काय न्हाय."

भ्याडपणाला सुद्धा थोडं धाडस लागतं. माझ्याकडं तेवढंही नव्हतं.

मग खुराक सुरू झाला. हे कोल्हापुरातच होऊ शकतं. ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाला आमच्या घरानं कुस्तीला उतरणाऱ्या पैलवानासारखं धरलं. सकाळी भिजवलेले बदाम, जेवणात तुपाची धार मोडायची नाही, आणि संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर दूध. तिथं म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात आणि तुमच्यासमोर ग्लासात धार काढून देतात, कोमट, फेसासकट. जानेवारीत ऑपरेशन करायचं ठरत होतं, तोवर किडनी धडधाकट झाली पाहिजे, असा अव्वाचा हिशेब. डॉक्टर हसले असते. पण डॉक्टरांना विचारतो कोण?

मला तिथं अण्णा स्वतः घेऊन जायचा. त्याला प्यायचं पाणी मोजून मिळायचं. तहान फार लागली तर बर्फाचा खडा तोंडात धरायचा. ओठ सोललेले असायचे. तो माझ्यासमोर उभा राहायचा आणि मी ग्लास तोंडाला लावला की त्याचा घसा हलायचा. त्याच्या घशातून काहीच उतरत नव्हतं, नुसताच हलायचा.

"अजून एक दे त्याला," तो गवळ्याला सांगायचा. "फेस येऊ दे वरपर्यंत."

"कुठल्या तालमीचं पैलवान हे?" गवळ्यानं एकदा विचारलं.

"पैलवान कसलं? आमचं धाकटं हाय. मला किडनी देतंय."

गवळी धार काढायचा थांबला. माझ्याकडं वर बघत म्हणाला, "लई मोठं काम करालायसा, पावणं." आणि त्यानं भरलेल्या ग्लासात आणखी एक धार मारली. दूध माझ्या बोटांवरून मनगटात गेलं. गरम होतं ते. आतल्या गोष्टी अशाच गरम असतात, असं काहीतरी मनात आलं. मी सगळं प्यायलो. अण्णा बघत होता.

जत्रेच्या बकऱ्याला आधी हळदकुंकू लावतात, हार घालतात, पाला खायला घालतात. आमच्या घरात कुणी मटण खात नाही, पण त्या बकऱ्याचे डोळे मी जोतिबाच्या वाटेवर कुठल्यातरी गावात बघितलेले आहेत. ते तेव्हाही पाला खात असतं, हे सगळ्यात भयंकर.

आणि रोज सकाळी मी गेम घेत होतो. डायलिसिसचा दिवस असला की अण्णाला सोडून यायचं, माडी चढायची, कॉम्प्युटर लावायचा. शाळा दुपारची, म्हणून छोटी पल्लवी माझ्याबरोबर अडतीवर यायची आणि मांडीवर बसायची. तिचे वडील तिकडं सुयांना जोडलेले आणि ती इकडं चित्रांवर बोट ठेवून, "काका, हा घेऊया! ह्याच्यात ड्रॅगन हाय!" मी घ्यायचो. जहाजांचा घेतला, शेतीचा घेतला, अवकाशातला घेतला, ज्याला संपायला वर्ष लागतं असं लोक म्हणायचे तो तर लगेच घेतला. लांबलचक असला की घ्यायचा. लोकांना वाटायचं मला स्वस्ताईची नशा चढलीय. मला स्वस्ताई दिसतच नव्हती. ज्या माणसाचं एवढं खेळायचं बाकी आहे तो टेबलावर मरणार नाही, असलं काहीतरी खुळं माझ्या मनानं धरलं होतं. कुणी नवस बोलतो, कुणी नृसिंहवाडीला जाऊन प्रदक्षिणा घालतो. मी बटण दाबत होतो. विकत घेतल्यावर अर्धा तास पाठीतलं ते गार बोट निघून जायचं. मग परत यायचं.

एका सकाळी ते निघालंच नाही. मी चर्चेच्या पानावर रोमन अक्षरांत मराठीत लिहिलं: 'किडनी विकणे आहे. एक नग. चालू स्थितीत, रोज म्हशीचं दूध पाजलेली. कारण: सेल.'

लोक अक्षरशः लोळले. 'दुसरी पुढच्या सेलला ठेव रे!' 'होम डिलिव्हरी आहे का?' कुणीतरी गमतीत विचारलं, 'रक्तगट?' आणि मी खरा रक्तगट लिहिला. त्यावरही हसले. जगात एवढ्या एकाच ठिकाणी मी माझ्या भीतीबद्दल बोललो होतो, आणि तिथं सगळे खदाखदा हसत होते, आणि मला तेच बरं वाटत होतं.

अण्णा माडीवर कधी यायचा नाही. जिना चढला की त्याला धाप लागायची. त्या दिवशी डायलिसिस नव्हतं. सौद्यातून लवकर सुटला असेल. मला चाहूल लागली नाही. खुर्चीच्या मागं श्वास ऐकू आला आणि मग त्याचा आवाज, अक्षरं जुळवत, लहान मुलासारखा वाचणारा.

"किडनी... विकणे... आहे."

मला वळता आलं नाही. कळफलकावरची बोटं तशीच राहिली. तो सगळं वाचत होता, दुधासकट. मग एकदम हसला. खोटं नाही, खरंच हसला, धाप लागेपर्यंत.

"मग? गिऱ्हाईक आलं का न्हाय?"

"अण्णा, ते नुसतं..."

"व्हय रं, कळतंय की. चेष्टा हाय." तो गोणपाटाच्या थप्पीवर बसला. "गेम किती घेतलास?"

"बरेच."

"खेळलास किती?"

मी माऊस उगाच सरळ करून ठेवला.

"एक पण न्हाय? मग घेतोस कशाला मर्दा?"

"नंतर खेळायला."

"नंतर म्हंजे? ऑपरेशन झाल्यावर?"

मी गप्प बसलो. खालून हमालांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी गुळाला चिकटलेल्या मुंगळ्यावरून शिव्या देत होतं. अण्णा माझ्याकडं बघत राहिला. पडद्यावरच्या ओळींकडं बघितलं, मग परत माझ्याकडं. आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू खाली गेलं, दुधाचा फेस बसतो तसं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या गप्प बसण्याचा बरोबर अर्थ लावला होता.

तो उठला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, सुजलेला. म्हणाला, "थंडी लई हाय. वर खिडकी लावत जा." आणि एकेक पायरी थांबत खाली गेला.

संध्याकाळी तो मला कट्ट्यावर घेऊन गेला नाही. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, "डॉक्टरांचा फोन आलता. धाकट्याची जुळत न्हाय म्हणालेत. पयला रिपोर्ट चुकलाता." वहिनीच्या हातातली भाकरी परातीत पडली. मी तोंड उघडलं होतं. एवढं मला नक्की आठवतं. अण्णानं माझ्याकडं न बघता ताटात चटणी वाढून घेतली. आणि मी तोंड मिटलं.

अव्वा माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याच पाठीवरून हात फिरवू लागली, नेमका त्याच जागेवरून. "वाईट वाटून घेऊ नको रे बाळा. तुझं मन होतं की द्यायचं. देवानं बघितलंय."

देवानं बघितलंय. इतकी भयंकर धमकी मला कुणी दिलेली नाही, आणि ती माझी समजूत घालत होती.

अण्णा त्यानंतर काही वर्षं जगला. दुसरी किडनी मिळाली नाही. त्याला डायलिसिसला मीच नेत होतो, बाहेरच्या बाकावर मीच बसत होतो, आणि लोक म्हणायचे भाऊ असावा तर असा. त्यानं तो विषय कधी काढला नाही. एकदाच, गाडीत, असाच डिसेंबर, पुढं उसाची ट्रॉली अडकलेली.

"त्यातला एखादा तरी खेळलास काय रं?"

"न्हाय."

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. "खेळायचास की," म्हणाला.

तो गेला, मागून अव्वा गेली. खोटं सांभाळायला मी एकटा उरलो. माझं खातं मी कधी बंद केलं नाही. तिथं ते सगळे गेम ओळीनं आहेत. एखादा उघडावा म्हटलं तरी बोट पुढं जात नाही. जे दिवस मी त्या डिसेंबरात स्वतःसाठी राखून ठेवले, ते कुणाच्या वाट्याचे होते हे मला माहीत आहे.

परवा पल्लवी सुट्टीला आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, तुमचं खातं मला उघडून द्या. तुम्ही खेळत न्हाई, मी तरी खेळतो." नाही म्हणायला कारण सुचलं नाही. ती लॅपटॉपवर यादी खालीवर करत बसली, मी समोर पेपर धरून.

"ड्रॅगनवाला! आपण घेतलेला ना हा? मी मांडीवर होतो." मग थोड्या वेळानं, "काका, हे जवळजवळ सगळे एकाच डिसेंबरातले हायत." आणि मग आवाज बदलून, "त्याच डिसेंबरात बाबांचं ऑपरेशन ठरलंतं ना? तुमची जुळली नाही, तेव्हा?"

मी पेपरचं पान उलटलं. तिनं ते 'व्हय' धरलं. तिचा काय दोष? ती इथलीच.

संध्याकाळी तिला कट्ट्यावरचं दूध प्यायचं होतं. मी नको म्हणणार होतो. स्कूटरवर तिच्या मागं बसलो. गवळी दुसरा होता, तरुण. म्हशीही दुसऱ्या असणार. वास तोच. तिनं ग्लास घेतला, वरच्या ओठावर फेसाची मिशी घेऊन हसली.

"तुम्ही नाही घेणार?"

"मी सोडलं."

"कधी?"

असं विचारलं की काहीतरी सांगून वेळ मारून नेता येते. पोट बिघडतं, वय झालं. मी ते सगळं मनात ओळीनं लावून ठेवलेलं होतं. पाठीतलं बोट एकदम गार झालं, एक हात तिथं गेला. दुसऱ्या हातानं मी म्हशीचं दावं धरलं.

"पल्लवी, माझी जुळत होती."

"काय?"

"किडनी. जुळत होती. मी भ्यालो. नाही म्हणायलासुद्धा भ्यालो. तुझ्या बाबांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी ते सांगू दिलं."

एवढंच. इतक्या वर्षांचं, आणि गवळ्याला दुसरा ग्लास भरायला लागतो त्याच्या आत संपलं.

ग्लास तिच्या हातात तसाच होता; फेस आवाज करत बसत गेला, दूध खाली खाली दिसायला लागलं. गवळी म्हणाला, "ताई, निवायच्या आत प्या की." तिनं ग्लास कट्ट्यावर ठेवला, अर्धा भरलेला. ओठ पुसले. चालत स्कूटरपाशी गेली, बसली, माझ्याकडं पाठ करून. किल्ली लावली. पण गाडी चालू केली नाही.

ती माझी वाट बघत होती, की तिच्यानं गाडी चालू करवत नव्हती, हे मला कळलं नाही. गप्प माणसाचं काय धरावं ते निदान मी तरी ठरवू नये. मी त्या अर्ध्या ग्लासापाशी उभा राहिलो, हाक येण्याची किंवा न येण्याची भीती बाळगत, आणि पहिल्यांदाच पाठीवरचा हात काढून खाली सोडला.